फॉस्फेटवरचे डाग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लोखंडी पत्र्याला रंग किंवा रंगाची पावडर मारण्याआधी जो राखाडी फॉस्फेटचा थर चढवतात, त्यावर पडणाऱ्या डागांविषयी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील लघुउद्योजक वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच कारण आहे. जिथे पाणी वाळायला नको होते तिथे ते वाळले, किंवा जिथे ते वाळणारच होते तिथे ते स्वच्छ नव्हते.

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचा पावडर कोटिंगचा लहान कारखाना आहे. विजेच्या कंट्रोल पॅनेलची सीआरसी (थंड स्थितीत लाटलेल्या) पत्र्याची दारे आमच्याकडे जॉबवर्कसाठी येतात. सात टाक्यांची नेहमीची पद्धत आहे (तेल काढणे, आम्लाने गंज काढणे, फॉस्फेट चढवणे आणि त्यांच्या मधली धुणी), पाणी बोअरचे आहे. ओव्हनमधून वाळून आलेल्या दारांच्या खालच्या घडीजवळ पांढरट ओघळ आणि गोल कडी दिसतात. पावडर मारल्यावर ती झाकली जातात, पण काही महिन्यांनी नेमक्या त्याच जागी रंगाला फोड येतात. रसायनाचा पुरवठादार फॉस्फेटचे प्रमाण वाढवायला सांगतो. तसे करूनही फरक पडलेला नाही. (कुपवाड)

उत्तर : फॉस्फेटचे प्रमाण वाढवून हा डाग जाणार नाही, कारण तो फॉस्फेटच्या टाकीत तयार झालेलाच नाही. आपण वर्णन केलेली गोल कडी ही वाळलेल्या थेंबाची खूण आहे. थेंब कडेकडून वाळत येतो, त्यामुळे त्यात विरघळलेले क्षार कडेला साचतात आणि मध्ये मोकळी जागा राहते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ही कडी पाहिली, तर राखाडी फॉस्फेटचा थर खाली अखंड दिसतो आणि त्यावर पांढऱ्या कणांची बारीक रांग बसलेली दिसते. तरीही खात्री करून घ्यावी. डीएम पाण्यात (क्षार काढून टाकलेल्या पाण्यात) भिजवलेला कापूस डागाच्या अर्ध्या भागावरून हलक्या हाताने फिरवा आणि वाळू द्या. तेवढा भाग स्वच्छ झाला, तर डाग क्षारांचा आहे आणि दोष शेवटच्या धुण्याचा आहे.

आता थोडा हिशेब मांडू. आपल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) लिटरला ९०० मिलिग्रॅम आहे असे धरा. आपल्याकडे टीडीएस मीटर असेलच, प्रत्यक्ष आकडा त्यावर पाहून घ्या. निथळल्यानंतरही एका चौरस मीटरवर ५० मिलिलिटर पाणी चिकटून राहिले, तर २ मीटर बाय ०.८ मीटरच्या दाराच्या दोन्ही बाजूंवर मिळून १६० मिलिलिटर पाणी ओव्हनमध्ये जाते आणि त्यातून सुमारे १४४ मिलिग्रॅम क्षार दारावरच राहतात. ते सगळीकडे सारखे पसरले असते, तर कदाचित डोळ्यांना दिसलेही नसते. पण पाणी खाली सरकते आणि घडीत थांबते. त्यांतले २० मिलिग्रॅम जरी घडीजवळच्या २० चौरस सेंटिमीटर जागेत वाळले, तरी तिथे चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम क्षार बसले. रंगाखालच्या झिंक फॉस्फेटच्या थराचे वजन साधारणपणे चौरस मीटरला दीड ते तीन ग्रॅम ठेवतात. २ ग्रॅम धरले तर ते चौरस सेंटिमीटरला ०.२ मिलिग्रॅम होते. म्हणजे त्या कोपऱ्यात पावडर फॉस्फेटवर बसण्याऐवजी फॉस्फेटच्या पाचपट वजनाच्या क्षारांवर बसलेली आहे.

फोड का येतात तेही यावरूनच कळते. रंगाचा थर पाणी पूर्णपणे अडवत नाही, हवेतील ओलावा त्यातून थोडाथोडा आत जातो. आत विरघळणारे क्षार असतील, तर ते हा ओलावा ओढून धरतात, रंगाखाली क्षारयुक्त पाण्याचा दाब वाढतो आणि थर वर उचलला जातो. क्लोराइड असेल, तर त्याच पाण्यात गंजही सुरू होतो. म्हणूनच फोड पहिल्या दिवशी येत नाहीत, एखादा पावसाळा गेल्यावर येतात आणि तक्रार मात्र रंगाच्या नावाने येते.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत क्षार कसे वर येतात, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच जमिनीखालचे पाणी आपण धुण्याला वापरता. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. पिण्याच्या कसोटीला उतरलेले पाणी शेवटच्या धुण्यासाठी योग्य असेलच असे नाही, हे यावरून लक्षात यावे. रंगकामात शेवटच्या धुण्यानंतर जॉबवरून, म्हणजे कामाला घेतलेल्या वस्तूवरून, टपकणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला ५० मायक्रोसिमेन्सच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. टीडीएस मीटरवर हा आकडा साधारण २५ ते ३५ असा दिसेल. मोजायचे ते जॉबवरून टपकणारे पाणी, टाकीत भरलेले ताजे पाणी नव्हे. सकाळी डीएम पाणी भरले म्हणून निर्धास्त राहणाऱ्या कारखान्यात दुपारपर्यंत तीच टाकी आधीच्या टाक्यांतून वाहून आलेल्या रसायनाने भरून जाते, आणि ताज्या पाण्याची नोंद मात्र वहीत उत्तम दिसते.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण त्यावर पैसे वाया गेलेले पाहिले आहेत. पाणी जड आहे म्हणून पुष्कळ जण सॉफ्टनर बसवतात. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो, पण त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. हीटरवर खवले बसणे कमी होईल, तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे. डाग मात्र राहतील, आणि सोडियमचे क्षार अधिक सहज विरघळणारे असल्यामुळे फोडांचा धोकाही कमी होणार नाही. आपल्याला लहानसा आरओ किंवा डीएम प्लांट लागेल. तो सगळ्या टाक्यांसाठी नको, फक्त शेवटच्या धुण्यासाठी पुरे. तेही टाकीत बुडी देण्याऐवजी बाहेर काढताना वरून बारीक फवारा मारलात, तर पाणी थोडे लागते आणि प्रत्येक दाराला ताजे पाणी मिळते.

फॉस्फेटनंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या एकापुढे एक ठेवणे हा दुसरा उपाय आहे, आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागणाऱ्या कारखान्याला तो विशेष परवडणारा आहे. ताजे पाणी दुसऱ्या टाकीत सोडायचे, तिचे ओसंडलेले पाणी पहिल्या टाकीत न्यायचे आणि तिथून ते बाहेर सोडायचे. जॉब एका दिशेने जातो आणि पाणी उलट दिशेने येते. जॉबबरोबर चौरस मीटरला १०० मिलिलिटर द्रावण येत असेल आणि ते हजारपट पातळ करायचे असेल, तर एकाच टाकीला चौरस मीटरमागे १०० लिटर पाणी लागते. उलट प्रवाहाच्या दोन टाक्यांना तेवढ्याच कामासाठी सुमारे ३.२ लिटर पुरते. हे सगळे सांडपाणी अर्थातच शुद्धीकरण यंत्रणेतूनच बाहेर पडले पाहिजे. पाणी कमी वापरले की तिथलाही भार हलका होतो.

शेवटी लटकवण्याची पद्धत पाहा. दार चौकोनी टांगले की खालची पूर्ण कड पाणी धरून ठेवते. एका कोपऱ्याकडे थोडे तिरके टांगले, तर सगळे पाणी त्या एका टोकाकडे उतरते आणि तिथला शेवटचा थेंब कोरड्या, तेलरहित हवेने उडवता येतो. हवेच्या लाइनला तेल आणि पाणी अडवणारा फिल्टर नसेल, तर हवा मारूच नये, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाचे शिंतोडे क्षारांच्या डागांपेक्षा वाईट असतात.

प्रश्न : फॉस्फेट राखाडी न येता निळसर, इंद्रधनुषी झाक येते. हाही डागच समजायचा का? (मिरज)

उत्तर : आधी आपले रसायन कोणते आहे ते पाहा. आयर्न फॉस्फेट असेल, तर निळसर किंवा सोनेरी झाक स्वाभाविक आहे, कारण तो थर फारच पातळ असतो आणि प्रकाशामुळे तसे रंग दिसतात. झिंक फॉस्फेट असूनही निळे येत असेल, तर थर पुरेसा बसलेला नाही. टाकीचे तापमान उतरले आहे का, एकूण आम्ल आणि मुक्त आम्ल पुरवठादाराच्या पत्रकात दिलेल्या मर्यादेत आहे का, आणि टोनर (फॉस्फेटच्या टाकीत टाकायचे सोडियम नायट्राइट) गरजेपेक्षा जास्त पडला आहे का, हे याच क्रमाने तपासा. टोनर फार झाला की पत्र्यावर आम्लाची क्रिया होण्याऐवजी पत्रा निष्क्रिय होतो आणि थर धरत नाही.

प्रश्न : साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. उन्हाळ्यात जे काम बिनतक्रार होते, तेच आषाढ-श्रावणात बिघडते. आम्लाच्या टाकीतून काढलेले जॉब फॉस्फेटला जाईपर्यंत पिवळे पडतात, आणि फॉस्फेट झालेल्या जॉबवरही सकाळी तांबूस ठिपके दिसतात. टोनर वाढवावा का? धुण्याच्या पाण्यात सोडियम नायट्राइट टाकावे असेही कोणी सांगतात. (सातारा)

उत्तर : आपल्याकडे दोन वेगळे दोष एकाच रंगात दिसत आहेत. त्यांचा विचार वेगवेगळा करायला हवा.

पहिला दोष आम्लाच्या टाकीनंतरचा आहे. हायड्रोक्लोरिक आम्लातून निघालेला पत्रा अगदी उघडा असतो, त्यावर ना तेल असते, ना गंज, ना कोणते संरक्षण. अशा पत्र्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा आणि त्यात थोडे क्लोराइड राहिले, तर हवेतील प्राणवायू त्या पापुद्र्यातून सहज पोहोचतो आणि काही मिनिटांत पिवळसर गंज धरतो. आश्चर्य वाटेल, पण तोच जॉब पूर्ण पाण्यात बुडालेला असता, तर इतक्या लवकर गंजला नसता. म्हणून हॅंगर (जॉब टांगायची चौकट) टाक्यांच्या मधल्या जागेत टांगून ठेवणे हे सगळ्यांत घातक आहे. होइस्ट (जॉब उचलणारे यंत्र) एकच असेल आणि पुढची टाकी मोकळी नसेल, तर जॉब आम्लातून बाहेर काढूच नये असे म्हणावेसे वाटते, पण तेही योग्य नाही, कारण आम्लात जास्त वेळ राहिलेल्या पत्र्यावर काळी काजळी धरते आणि त्यावर फॉस्फेट भरड, ठिपक्याठिपक्यांचे येते. खरा उपाय वेळापत्रकाचा आहे. फॉस्फेटची टाकी रिकामी होण्याची वेळ धरून जॉब आम्लात सोडायचा. खोळंबा झालाच, तर जॉब आम्लानंतरच्या पाण्यात चांगला धुऊन सोडा ॲशच्या अगदी सौम्य द्रावणात बुडवून ठेवावा, कारण अल्कधर्मी पाण्यात लोखंड गंजत नाही. नंतर तो पुन्हा धुऊन पुढे न्यावा, नाहीतर सोड्याने फॉस्फेटच्या टाकीतले मुक्त आम्ल खाल्ले जाईल.

त्याआधी मात्र मी एक वेगळाच प्रश्न विचारीन. आपल्या जॉबना हायड्रोक्लोरिक आम्लाची गरज आहे का? नव्या, तेल लावलेल्या, न गंजलेल्या सीआरसी पत्र्याला ती नाही. चांगले डीग्रीसिंग, म्हणजे तेल काढणे, पुरे होते. टाकी आहे म्हणून प्रत्येक लॉट तिच्यातून काढण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजली आहे, आणि पावसाळ्यातील निम्म्या तक्रारींचे मूळ मला त्यातच दिसते. गंजलेले जॉब वेगळे काढून तेवढेच आम्लातून न्यावेत. शिवाय उघड्या आम्लाच्या टाकीतून निघणारी वाफ शेडमध्ये पसरते आणि शेजारी वाळत ठेवलेल्या, फॉस्फेट झालेल्या जॉबवर बसते. आपला दुसरा दोष, म्हणजे सकाळी दिसणारे तांबूस ठिपके, त्याच वाफेमुळे असण्याची शक्यता बरीच आहे. टाकीला झाकण आणि कडेने वाफ ओढणारा पंखा, या दोन गोष्टी कामगारांच्या फुप्फुसांसाठी तर हव्यातच, जॉबसाठीही हव्यात.

आम्ल पुरेसे धुतले जाते की नाही, हे पाहण्याची सोपी चाचणी आहे. जॉबवरून टपकणारे पाणी काचेच्या नळीत घ्या आणि सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पाणी दुधासारखे गढूळ झाले, तर क्लोराइड आहे. मात्र आपल्या नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते, म्हणून शेजारच्या नळीत नुसते नळाचे पाणी घेऊन तीच चाचणी करा आणि दोन्हींची तुलना करा.

आता टोनर. टोनर म्हणजे मुख्यतः सोडियम नायट्राइट. फॉस्फेटच्या टाकीत विरघळणाऱ्या लोखंडाचे रूपांतर करून ते गाळाच्या रूपाने खाली बसवणे आणि थर लवकर धरवणे हे त्याचे काम. तो कमी पडला की थर पिवळसर-तपकिरी येतो, आणि फार झाला की पांढरी भुकटी बसते किंवा थर धरतच नाही. त्यामुळे डोळे मिटून वाढवणे हा उपाय नव्हे. नायट्राइट गरम आम्लधर्मी द्रावणात काम नसतानाही आपोआप नष्ट होत असते, म्हणून रात्रभर टाकी बंद राहिली की सकाळी टोनरचे पॉइंट (टाकीतले त्याचे मोजलेले प्रमाण) उतरलेले असतात. सकाळचा पहिला हॅंगर पिवळा आणि नंतरचे चांगले, असे होत असेल तर कारण हेच समजा. वाकड्या काचेच्या नळीत सल्फॅमिक आम्ल टाकून निघणाऱ्या वायूचे मिलिलिटर मोजण्याची चाचणी दोन मिनिटांची आहे. ती पहिला जॉब सोडण्याआधी करावी, नंतर नव्हे.

धुण्याच्या पाण्यात नायट्राइट टाकण्याविषयी सांगायचे, तर फॉस्फेटच्या आधीच्या धुण्यात अगदी थोडे टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे आणि तिथे ते चालते, कारण पुढच्या टाकीत तेच रसायन असते. आम्लाच्या टाकीत किंवा आम्लाने भरलेल्या पाण्यात मात्र ते कधीही पडू देऊ नये. त्यातून तपकिरी विषारी वायू निघतो. आणि फॉस्फेटनंतरच्या शेवटच्या धुण्यात ते टाकणे सर्वथा चुकीचे आहे. जॉब कारखान्यात असेपर्यंत गंजणार नाही हे खरे, पण नायट्राइट हाही विरघळणारा क्षारच आहे, आणि तो रंगाखाली राहिला की वर कुपवाडच्या वाचकांना सांगितलेलेच फोड येतात.

प्रश्न : आम्ही शेतीची अवजारे आणि ट्रॉलीचे भाग करतो. जॉब ओव्हनमध्ये जाईपर्यंत स्वच्छ दिसतो. बाहेर आल्यावर वेल्डिंग केलेल्या दोन पत्र्यांच्या सांध्यातून आणि चौकोनी पाइपच्या टोकातून तपकिरी ओघळ उतरलेले असतात. कितीही धुतले तरी हे थांबत नाहीत. (पलूस)

उत्तर : धुऊन ते थांबणार नाहीत. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून मध्ये मध्ये टाके मारले की त्यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. अशी फट डीग्रीसिंगचे द्रावण, आम्ल आणि फॉस्फेट हे सगळे आत शोषून घेते, पण धुण्याच्या टाकीत ते परत सोडत नाही, कारण त्या अरुंद जागेत पाणी फिरतच नाही. ओव्हनमध्ये पत्रा तापला की आतले द्रव उकळून बाहेर येतात आणि आतापर्यंत निर्दोष असलेल्या थरावरून ओघळतात.

याचे खरे उत्तर ड्रॉइंगवर आहे. सांधा एकतर सलग वेल्डिंगने पूर्ण बंद असावा, किंवा पाणी सहज आत-बाहेर करू शकेल इतका मोकळा असावा. मधली स्थिती सगळ्यांत वाईट. पाइपला टांगल्यावर सर्वांत खाली येणाऱ्या कोपऱ्यात एक आणि सर्वांत वर येणाऱ्या कोपऱ्यात एक अशी दोन भोके द्यावीत. खालचे पाणी उतरण्यासाठी, वरचे हवा आत येण्यासाठी. एकच भोक दिले की पाणी आत अडून बसते. जॉबवर्क करणाऱ्याला ड्रॉइंग बदलता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण ओघळ आलेला जॉब आणि एक चांगला जॉब शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला दाखवता येतो, आणि भोक कुठे हवे ते खडूने आखून देता येते. एवढे केले की बहुतेक जण ऐकतात.

एका धोक्याकडे विशेष लक्ष वेधतो. चारही बाजूंनी बंद केलेल्या पाइपच्या वेल्डिंगमध्ये सुईएवढे छिद्र राहिले असेल, तर टाक्यांमध्ये त्यातून हळूहळू द्रव आत जातो आणि ओव्हनमध्ये त्याची वाफ तेवढ्याच वेगाने बाहेर पडू शकत नाही. असा पाइप फुटू शकतो. जॉब हातात घेऊन हलवून पाहावा. आत पाणी खळखळत असेल, तर तो ओव्हनमध्ये जाता कामा नये.

ड्रॉइंग बदलेपर्यंत अशा जॉबना आम्लाच्या टाकीत बुडवणे टाळावे आणि गंज शॉट ब्लास्टिंगने (छर्ऱ्यांच्या माऱ्याने) काढावा. शेवटचे धुणे ५० ते ६० अंशांच्या गरम डीएम पाण्यात करावे, म्हणजे जॉब बाहेर निघताना स्वतःच गरम असतो आणि लवकर वाळतो. सांध्यात हवा मारताना ती वरून खाली मारावी. त्यानंतर जॉब वाळवण्याच्या ओव्हनमध्ये पुरेसा वेळ ठेवून, बाहेर काढून ओघळ आहेत का ते पावडर मारण्याआधी पाहावे. जे येणार आहेत ते तिथेच येऊन जाऊ द्यावेत आणि ओल्या कापसाने पुसून घ्यावेत. हा तात्पुरता इलाज आहे आणि त्याला माणसाचा वेळ लागतो. तो खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळा दाखवला, तर भोके लवकर मंजूर होतील.

प्रश्न : डाग पडलेला लॉट हातात आहे आणि माल उद्या द्यायचा आहे. पॉलिश पेपरने घासून किंवा थिनरने पुसून पावडर मारली तर चालेल का? (इस्लामपूर)

उत्तर : थिनर तेल काढतो, क्षार काढत नाही. म्हणून पांढऱ्या डागावर त्याचा उपयोग नाही. पॉलिश पेपर डाग काढतो, पण त्याच्याबरोबर फॉस्फेटही काढतो आणि खाली उघडा पत्रा राहतो. तिथे पावडर धरेल, पण एकदा ओरखडा उठला की गंज त्याच जागेवरून रंगाखाली पसरेल.

त्याऐवजी डाग ओळखा. कोरडे बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर तो फॉस्फेटच्या टाकीतला गाळ आहे. मऊ कोरड्या ब्रशने आणि स्वच्छ हवेने तो झाडला, तर जॉब बहुधा वापरता येतो. पुढच्या लॉटसाठी गाळ रात्री खाली बसू द्यावा, वरचे स्वच्छ द्रावण उपसून तळ साफ करावा आणि जॉबचे सपाट भाग उभे टांगावेत. झिंक फॉस्फेट हे साखरेच्या उलट वागते, पाणी जितके गरम तितके ते कमी विरघळते. म्हणून हीटर एकाच जागी फार तापत असेल, तर गाळ त्याच्याभोवतीच अधिक तयार होतो.

ओल्या कापसाने डाग जात असेल, तर तो क्षारांचा आहे. असा लॉट डीएम पाण्यात पुन्हा धुऊन, लगेच ओव्हनमध्ये वाळवून घ्यावा. पिवळा रंग फक्त खालच्या कडेला थेंबाच्या आकाराचा असेल आणि आपण क्रोमेटचे पॅसिव्हेशन (फॉस्फेटनंतर गंज रोखण्यासाठी दिलेली बुडी) वापरत असाल, तर तो गंज नसून वाळलेले क्रोमेट असू शकते. तेही धुण्याने जाते, मात्र षटसंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, म्हणून हातमोज्यांशिवाय ते पुसू नये आणि ते धुतलेले पाणी गटारात सोडू नये. क्रोममुक्त पॅसिव्हेशन आता सहज मिळते, शक्य असेल तर तिकडे वळावे.

तांबूस डाग पुसूनही जात नसेल, किंवा डाग थराच्या आतच असेल, म्हणजे फॉस्फेटच तिथे फिके, भरड किंवा नसल्यासारखे असेल, तर तो जॉब पुसून सुधारत नाही. त्याचे मूळ आधीच्या टाक्यांत असते. डीग्रीसिंगच्या गरम टाकीतून निघालेल्या पत्र्यावर द्रावण पंख्याच्या वाऱ्याने वाळले असेल, तेल पूर्ण निघाले नसेल, किंवा टायटॅनियमच्या ॲक्टिव्हेशनची (फॉस्फेटचे कण बारीक बसावेत म्हणून त्याआधी दिलेल्या बुडीची) टाकी जड पाण्याने आणि वाहून आलेल्या आम्लाने निकामी झाली असेल. धुतलेल्या पत्र्यावर पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट तरी अखंड राहिला पाहिजे. तो फाटून थेंब झाले, तर तिथे तेल आहे. असा जॉब आम्लात पूर्ण उतरवून सुरुवातीपासून पुन्हा करावा लागतो. जुन्या थरावरच दुसऱ्यांदा फॉस्फेट चढवू नये, ते एकसारखे येत नाही. माल उद्या द्यायचा असेल, तर गिऱ्हाइकाला फोन करून एक दिवस मागून घ्या.

प्रश्न : फॉस्फेट झालेला जॉब पावडर मारण्याआधी किती वेळ ठेवता येतो? (सातारा)

उत्तर : त्याच शिफ्टमध्ये पावडर मारावी, आणि पावसाळ्यात तर ओव्हनमधून निघून हाताळण्याइतका थंड झाल्याबरोबर. फॉस्फेटचा थर सच्छिद्र असतो. रंग धरण्यासाठी तो गुण चांगला, पण तीच छिद्रे हवेतला ओलावा, हाताचा घाम आणि शेडमधली धूळही धरतात. घामात मीठ असते, त्यामुळे उघड्या हाताने उचललेल्या जॉबवर बोटांच्या ठशांचा गंज उमटलेला अनेकांनी पाहिला असेल. स्वच्छ सुती हातमोजे वापरावेत आणि ते रोज धुवावेत. तेलकट झालेला मोजा उघड्या हातापेक्षा बरा नाही. रात्रभर जॉब ठेवणे भागच पडले, तर ते एकमेकांवर न रचता टांगून, आम्लाच्या टाकीपासून दूर आणि बंद खोलीत ठेवावेत, आणि सकाळी पावडर मारण्याआधी पुन्हा एकदा ओव्हनमधून काढून घ्यावेत. शनिवारी संध्याकाळी फॉस्फेट करून सोमवारी पावडर मारायची असे नियोजन असेल, तर शनिवारी डीग्रीसिंगच्याही आधी थांबावे. तेल लावलेला पत्रा दोन दिवस सुखरूप राहतो.